थायरॉइडच्या खात्यावर

टीएसएच ९.८ आला, अँटी-टीपीओही वाढलेलं निघालं, आणि मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. कितीतरी दिवस अंगात त्राण नव्हतं. त्या थकव्याला आता नाव मिळालं होतं, हाशिमोतो थायरॉइडायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते, असा हा आजार. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. अकोल्यात मी ज्या बँकेत काम करते, तिथल्या कितीतरी जणींच्या पर्समध्ये थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली असते. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, अर्धा-एक तास चहा घ्यायचा नाही, हे त्यांनीच मला समजावलं. ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. सगळ्या जणी म्हणाल्या, आता बघ कशी टवटवीत होतेस.

काही आठवड्यांत मी आणखी खचले.

बसलेली उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सकाळी दात घासताना उमासे यायचे. डबा तसाच परत यायचा. आणि मिठाची अशी ओढ लागली, की कैरीच्या फोडीला मीठ लावण्याऐवजी मी मिठाला कैरी लावून खात होते म्हटलं तरी चालेल. हे सगळं मी सांगत होते, नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगत होते. उत्तर एकच मिळायचं, थायरॉइड आहे ना, वेळ लागतो. गोळी ७५ची झाली. जे काही होईल ते थायरॉइडच्या खात्यावर जमा होत होतं. पण थायरॉइड कमी पडलं की बहुधा वजन वाढतं, माझं तर झरझर उतरत होतं. हा विरोधाभास कागदावर समोर होता. तो कुणी विचारात घेतला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि रंग. मी सावळीच आहे, पण त्या वर्षी काळवंडत गेले. बोटांच्या पेरांवर, कोपरांवर, तळहातांच्या रेघांत शाई मुरल्यासारखा रंग आला. गुडघ्याला पडलेली खोक भरून आली होती, तिचा वणही गडद झाला. सासूबाई काळजीनं म्हणायच्या, "काऊन वं, उन्हानं इतकी काळी पडली तू?" लग्नाकार्यात बायका हळदीचे लेप सुचवायच्या, एकीनं गोरेपणाच्या क्रीमची ट्यूबच हातात ठेवली. बाईचा रंग बदलला की आपल्याकडे उपाय सांगायला सगळे येतात. तो का बदलला, हे विचारायला कुणी येत नाही. हिरड्यांवर काळपट डाग होते. ते तर उन्हानं येत नाहीत ना?

मे महिन्यात, ४४-४५ अंशांच्या उन्हात, जुलाबाचं साधं निमित्त झालं आणि मी घरात कोसळले. दवाखान्यात रक्तदाब ८० च्या खाली, रक्तातलं सोडियम १२४, पोटॅशियम वाढलेलं. सलाईन लागलं तशी मी डोळे उघडून बोलायला लागले. रात्रपाळीची एक तरुण डॉक्टर होती. तिनं माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले, तोंड उघडायला लावलं, हिरड्या पाहिल्या. "ताई, हा रंग कधीपासून?" एवढंच विचारलं आणि वरिष्ठांना फोन लावला. अहवालासाठी उपचार लांबवता येणार नव्हते, म्हणून रक्त घेऊन ठेवून तिनं लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. त्या रक्तातलं कॉर्टिसॉल निघालं १.९. एवढं मोठं संकट अंगावर असताना निरोगी शरीरात ते भरपूर वाढलेलं असायला हवं होतं. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं एसीटीएच मात्र कितीतरी पट चढलेलं होतं.

पुढे नागपूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या अॅड्रिनल ग्रंथी असतात, कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरोन ही हार्मोन त्याच बनवतात. ज्या प्रतिकारशक्तीनं थायरॉइड पोखरलं, तिनंच त्याही निकामी केल्या होत्या. हा अॅडिसनचा आजार. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये तो लिहून ठेवला, आणि त्यांच्या वर्णनातही त्वचेचा काळवंडणारा रंग ठळक आहे. कॉर्टिसॉल येत नाही म्हणून पिट्युटरी एसीटीएच ओतत राहते. ते ज्या मूळ प्रथिनापासून बनतं, त्याच्यातूनच त्वचेला रंग देणारं हार्मोनही निघतं. मिठाची ओढही खरीच होती. अल्डोस्टेरोन नाही म्हणून सोडियम लघवीवाटे निघून जात होतं आणि शरीर ते मागत होतं. आपल्याकडे क्षयरोगानंही या ग्रंथी जातात, म्हणून माझा सीटी स्कॅन झाला. क्षय नव्हता.

मग मी विचारलं, थायरॉइडच्या गोळीनं मी खाली का गेले? डॉक्टर म्हणाले, थायरॉक्सिन शरीराचा वेग वाढवतं, त्याबरोबर कॉर्टिसॉलचा निचराही वाढवतं. मुळात शिल्लक थोडी, त्यात खर्च वाढला. म्हणून दोन्ही आजार एकत्र असतील तर आधी कॉर्टिसॉल भरून काढायचं आणि मगच थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनाही हे दोन्ही आजार होते, असंही डॉक्टरांनी सांगितलं. मला त्या क्षणी केनेडींशी काही देणंघेणं नव्हतं, पण नवऱ्याला त्यानं फार धीर आला.

हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच, गोळ्या सुरू झाल्या आणि मला भूक लागली. गरम भाकरी आणि ठेचा मागून खाल्ला, तेव्हा सासूबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मिठासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोनची इवलीशी गोळी आहे. तीही आता जन्मभराची.

पण "स्टेरॉइड" हा शब्द घरात आला आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. हाडं ठिसूळ होतील, तोंड सुजेल, हळूहळू बंद कर. ही भीती निराधार नाही. जास्त मात्रेनं तसं होतंच, आणि सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये लपवलेल्या स्टेरॉइडनं माणसांच्या ग्रंथी झोपी गेल्याचंही मी नागपूरच्या त्याच ओपीडीत ऐकलं. माझी गोष्ट वेगळी आहे. जे शरीर स्वतः रोज बनवतं, तेवढंच मी बाहेरून घेते : उठल्याबरोबर १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मिलिग्रॅम. रक्तात त्याचं प्रमाण दीड तासाच्या आसपास निम्म्यावर येतं, म्हणून वाटून घ्यायचं. मी ही गोळी बंद केली तर मरेन, हे वाक्य फोनवर इतकं स्पष्ट म्हणायला मला शिकावं लागलं.

ताप आला की मात्रा दुप्पट, कधी तिप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत, आणि थेट दवाखाना. नवऱ्यानं ते संत्र्यावर टोचून शिकून घेतलं. पर्समध्ये आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड असतं, दाढ काढायला गेले तरी आधी ते दाखवते. गावातल्या मेडिकलमध्ये या गोळ्या नेहमी मिळत नाहीत, नागपूरहून मागवून साठा ठेवावा लागतो. ज्या औषधावर माणसाचा जीव आहे ते जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळू नये, याचा मला संताप येतो. हरतालिकेचा निर्जळी उपास सुटला. मी घाबरत सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मीठ-पाणी घे वं, देवाले चालते."

थायरॉइडची गोळी नंतर पुन्हा सुरू झाली, कमी मात्रेनं. टीएसएच थोडा तर नुसत्या कॉर्टिसॉलनंच खाली आला होता.

माझी हकिगत कळल्यापासून ऑफिसातल्या जणी मला विचारतात, आम्हालाही कॉर्टिसॉलचंच असेल का? मी त्यांना घाबरवत नाही. हाशिमोतो असलेल्या बहुतेकींना अॅडिसन कधीच होत नाही. मध्यंतरी एकीनं "अॅड्रिनल फटीग"साठी लाळेच्या तपासणीचं महागडं पॅकेज घ्यायचं ठरवलं होतं. असा आजार असल्याचा पुरावा नाही, २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास तपासून तेच लिहिलं आहे. पण तिचा थकवा तर खरा होता, त्याला मी खोटं कसं म्हणू? तिचं वजन उतरत नव्हतं, रंग तसाच होता, उभं राहिल्यावर रक्तदाब पडत नव्हता. मी तिला एमडी डॉक्टरांकडे घेऊन गेले. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, पाळीत फार रक्त जात होतं. आता ती लोहाच्या गोळ्या घेते, दुपारच्या जेवणानंतर, कारण थायरॉइडच्या गोळीत आणि लोहात चार तासांचं अंतर लागतं.