तळ्याकाठचा शनिवार

इंग्लंडात १५ मार्च ते १५ जून नद्यांवर साध्या माशांसाठी गळ टाकायला बंदी. विणीचा हंगाम. बहुतेक तळ्यांना मात्र ती लागू नाही, त्यामुळे जूनच्या या पहिल्या शनिवारी सगळी मंडळी इथेच लोटलेली. काठावरच्या एकूण एक फळ्या भरलेल्या. डावीकडे आजोबा-नातू, उजवीकडे तंबू ठोकून रात्रभर कार्पची वाट पाहत बसलेला एक गडी. त्याचा अलार्म दर दहा मिनिटांनी किंचाळतो आणि निघते बदकच.

मी मोठ्या कार्पच्या फंदात पडत नाही. साधा फ्लोट, बारीक गळ, त्याला दोन अळ्या. मूठभर अळ्या पाण्यात फेकत राहायच्या, थोड्या-थोड्या पण न चुकता. मासे जागेवर टिकतात ते त्यानेच. दुपारपर्यंत तळहाताएवढे रोच येत राहिले, मग एक टेंच, ऑलिव्ह हिरवा, बुळबुळीत, लाल डोळ्यांचा. असला मासा हाताला लागला की शेजारचा कोलाहल ऐकू येत नाही.

गळ बिनकाट्याचा असावा, मासा ओल्या हातांनी धरावा आणि परत सोडावा, असे इथले नियम. मालवणची मावशी फोनवर म्हणाली, "सोडून देतोस? मग सकाळपासून करतोस काय?" तिला काय सांगणार! सोलकढीशिवाय मासा ही कल्पनाच तिला अधर्म वाटते.

१६ तारखेला नद्या खुल्या होतील. मग इथे बसायला जागा मिळेल.