माळावरची वाट

सोलापुरास डोंगर नाहीं, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. तरीहि गेल्या कांहीं वर्षांत येथील कित्येक तरुणांनीं डोंगरी सायकली घेतल्या, आणि त्यांच्या नादीं लागून पन्नाशी उलटल्यावर आम्हींहि एक घेतली. आमच्या लहानपणीं या गांवांत सायकल म्हणजे गिरणीचा भोंगा होतांच रस्ता भरून टाकणारें, मुठीला डब्याची पिशवी लटकविलेलें कामगारांचें वाहन. तिच्यावर बसून कोणी विनाकारण माळावर जाईल, ही कल्पना तेव्हां वेडगळ ठरली असती.

या वेडाचा उगम दूरचा आहे. १९७० च्या दशकांत कॅलिफोर्नियांतील कांहीं तरुण जाड चाकांच्या जुन्या सायकली टमालपैस डोंगरावर नेत आणि तेथून भरधांव खालीं सोडीत. त्या पोरखेळास १९९६ सालीं अटलांटा येथें ऑलिंपिकमध्यें मानाचें पान मिळालें. आमच्याकडे डोंगराचें काम माळ करतो. मात्र तो प्रत्येक ऋतूंत सारखाच प्रसन्न नसतो. उन्हाळ्यांत सराटे व बाभळीचे कांटे दर कोसाला पंक्चर काढावयास बसवितात. पावसाळ्यांत काळ्या रानांत शिरावें, तर चिखल चाकांस असा चिकटतो कीं, सायकलच खांद्यावर घेऊन चालावें लागतें. मुरमाड माळावर मात्र पाणी ठरत नाहीं. सर पडून गेली कीं, थोड्याच वेळांत वाट चालती होते. त्यामुळें आषाढ-श्रावणांतला हिरवा माळ हेंच आमचें काश्मीर.

अशाच एका आषाढांतल्या पहांटे हिप्परग्याच्या तलावापलीकडे, वाट सोडून आम्ही गवतांतून सायकल दामटली. एकाएकी टिटवीनें आकांत मांडला. ती डोक्यावर घिरट्या घालूं लागली, तेव्हां आम्हीं खालीं पाहिलें. पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर चार अंडीं होतीं. त्यांचा रंग मुरमाच्या खड्यांसारखा. टिटवी ओरडली नसती, तर आम्हांस कळलेंहि नसतें. ज्यास आम्ही जन्मभर ओसाड माळ म्हणत आलों, तें कुणाचें तरी बाळंतघर होतें!

हा प्रसंग परवां पुन्हां आठवला. आमच्या मंडळींत नवी वाट शोधण्याची टूम निघाली, आणि एकानें नान्नजचें नांव काढलें. गांवापासून वीसेक किलोमीटरांवर बार्शीच्या वाटेवर हें गवताळ रान आहे. १९७९ सालीं माळढोकासाठीं तें अभयारण्य झालें. अभयारण्याची हद्द टाळून कडेकडेनें जाऊं, असा त्याचा बेत होता. पण हद्दीची रेघ कागदावर असते. ती पांखरास दिसत नाहीं. माळढोक घरटें बांधीत नाहीं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंहि पावसाळ्यांत. म्हणजे आमच्या सायकलींस माळ हवा असतो, नेमका त्याच वेळीं. आज उभ्या देशांत हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे. टिटवीचीं चार अंडीं चुकून वांचलीं. त्याच्या एका अंड्याची जोखीम कोणीं घ्यावी?

"मग सर, पावसांत जायचं तरी कुठं?" एका मुलानें विचारलें. प्रश्न रास्त होता. ऐन हंगामांत माळ सोडा म्हणणें हें गवयास मैफलींत गप्प बसविण्यासारखेंच आहे. आम्हीं म्हटलें, "बैलगाडीनं जी वाट आधीच पाडली आहे, तिच्यावरून. नवी पाडायची नाही."

तीं पोरें क्षणभर हिरमुसलीं. पण पुढच्या रविवारीं पहांटे दाराशीं घंटी वाजली, आणि सारी मंडळी हिप्परग्याच्या जुन्या गाडीवाटेनें निघाली. एके ठिकाणीं टिटवी ओरडली. कोणीं कांहीं सांगण्यापूर्वींच सर्वांत पुढचा मुलगा सायकलीवरून खालीं उतरला.