सळईभोवतीचा चुना

जालन्यात घर बांधायला निघालेला माणूस सळईची चौकशी चोख करतो. गावच पोलादाचं, एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि मिलमधून टीएमटी सळया बाहेर पडतात. कंपनी कुठली, भाव काय, सगळं विचारलं जातं. त्या सळईभोवती काय असणार, हे मात्र कुणी विचारत नाही, ही इथल्या साइटवरच्या इंजिनिअरची जुनी तक्रार.

सळईला गंजापासून राखतो तो सिमेंटमधला चुना. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना चुना सुटतो, काँक्रीटचा सामू 12.5 ते 13 पर्यंत चढतो आणि लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. गंजरोधक रंगातलं ना शिसं लागतं, ना क्रोमेट.

याचा वैरी हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो आत झिरपत चुन्याची पुन्हा चुनखडी करतो. सिमेंट करताना चुनखडी भाजून जो वायू भट्टीतून उडवला, तोच हा! सामू 9 च्या खाली गेला की पापुद्रा टिकत नाही.

पोपडे सुटलेल्या जुन्या स्लॅबचा ताजा तुकडा फोडून इंजिनिअर त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतो. आतला भाग गर्द गुलाबी होतो, बाहेरची पट्टी करडीच राहते. गुलाबी तिथे चुना शाबूत. करडी पट्टी सळईला भिडली की गंज धरतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो.

ही पट्टी काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने आत सरकते. म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ज्याला कव्हर म्हणतात, तो 20 मिलिमीटरवरून 10 वर आला, तर संरक्षण निम्मं नव्हे, पाव उरतं. आणि साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी गिट्टीचा खडा सरकवलेला असतो. मजुराचा पाय पडला की तो निसटतो आणि सळई थेट सेंट्रिंगच्या प्लेटला टेकते.

दुसरी अडचण पाण्याची. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्याला 10 दिवस पाणी मारायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे दिवस आधी कापले जातात आणि काँक्रीट वायूला वाट देणारं राहतं. बोअरचं पाणी वापरायचं तर क्लोराइड तपासावं. सळईच्या काँक्रीटसाठी मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम. क्लोराइड जास्त झालं, तर चुना असूनही पापुद्रा फुटतो.

वरच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळयांना तर काँक्रीटही नसतं. त्यांना सिमेंटची स्लरी फासतात, पण नुसती स्लरी तडकते. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळून सळईसाठी लेप तयार केला, तो याच दुखण्यावर. गच्चीवर तो क्वचितच पोचतो. मजला चढवायची वेळ आली की इंजिनिअर आधी तारेचा ब्रश मागतो, गंज खरवडतो आणि उरलेल्या सळईची जाडी मोजतो.