ओलीचा हिशेब

उन्हाळ्याचा दाह वाढला की आपण तो सूर्याच्या नावे टाकतो. भाषेचाच हा संस्कार आहे. ऊन 'पडते', 'तापते', 'भाजते'. पण ज्या भूमीवर ते पडते तिने पुढे त्याचे काय केले, हे सांगणारे क्रियापद आपल्या बोलण्यात क्वचितच येते. भंडारा जिल्ह्यात साहित्य शिकवणाऱ्या आम्हांला ही उणीव अलीकडे अधिक जाणवते. शहरालगतच्या धानाच्या बांध्या अकृषक होऊन त्यांचे 'ले-आउट' पडतात, तेव्हा केवळ सातबाऱ्यावरची नोंद बदलत नाही. उन्हाच्या जमाखर्चाची वहीच बदलते.

विज्ञान या वहीला भूपृष्ठाचे प्रारण-संतुलन म्हणते. सूर्याचा प्रकाश आणि आकाशाकडून येणारी उष्णता ही जमा. जमिनीने परावर्तित केलेला प्रकाश आणि तिने स्वतः उत्सर्जित केलेली उष्णता ही वजाबाकी. उरलेली शिल्लक मुख्यतः तीन वाटांनी जाते: पाण्याची वाफ होण्यात, हवा तापण्यात आणि जमिनीच्या पोटात साठण्यात.

येथे एक चकवा आहे. डोक्यावरच्या उन्हात तलावाचे पाणी एकदशांशाहूनही कमी प्रकाश परत पाठवते, तर सिमेंटचा गच्च सहसा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक. म्हणजे नुसता परावर्तनाचा रकाना पाहिला तर तलावच अधिक ऊन गिळतो! तरीही गारवा तलावाकाठी असतो, गच्चीवर नाही. भेद मिळकतीत नसून खर्चाच्या रीतीत आहे.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. भरल्या बांधीच्या एका चौरस मीटरातून दिवसाकाठी पाच लिटर पाणी उडाले, तर विजेच्या भाषेत सव्वातीन युनिटांहून थोडी अधिक उष्णता हवेला न तापवता निघून जाते. दीड हजार चौरस फुटांच्या एका प्लॉटपुरते हे गणित रोज साडेचारशे युनिटांच्या पुढे जाते. बांधी बुजवून फरशी घातली की ही उष्णता भिंतींत, रस्त्यात आणि हवेत मुक्काम करते. छताला चुना फासला तर परावर्तन सुधारते, आणि ते करावेही. पण ओलीचा रकाना त्याने भरत नाही.

अर्थात बांधीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. उन्हाळी धान नसेल तिथे मे महिन्यात तीही कोरडी, भेगाळलेली असते आणि भर दुपारी शहराइतकीच तापते. फरक उघड होतो तो रात्री. मोकळे रान आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकते. गल्लीतल्या भिंती ती एकमेकींना परत करीत राहतात. ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या हवामानावरचा आपला ग्रंथ १८१८ पासून प्रसिद्ध केला, त्यात हेच नोंदले होते: शहर भोवतालच्या खेड्यांहून रात्री अधिक उष्ण, दिवसा मात्र किंचित थंडही. पंख्याखालची आपली अपुरी झोप दोन शतकांपूर्वीच विज्ञानाच्या दप्तरी दाखल आहे.

झाडीपट्टीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण ओल ठाऊक होती. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, पाळीखालच्या बांध्या ही सिंचनाची रचना होती. गारवा हे तिचे न मागितलेले फळ. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' हे सरकारी नाव पडले. लोकांनी त्याचे 'मामा तलाव' केले. त्या नावातले 'माजी' हे विशेषण मालगुजारीचे आहे, तलावाचे नव्हे. मात्र गाळ साचू दिला, अतिक्रमणे होऊ दिली, पाण्याच्या वाटांवर भूखंड आखले, की विशेषण हळूहळू नामाला गिळते.

घरे लागणारच, वाढत्या कुटुंबाला छप्पर नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही. मागणी इतकीच की, नकाशा मंजूर होताना रस्त्याची रुंदी मोजली जाते तशी ओलही मोजली जावी: किती बोडी राखली, किती जमीन उघडी ठेवली, पावसाच्या पाण्याला मुरायला जागा कुठे सोडली. आमच्या वर्गांत 'बांधी', 'बोडी', 'पाळ' या शब्दांचे अर्थ आता फळ्यावर लिहून द्यावे लागतात. त्या शब्दांचा खरा अर्थ मात्र रात्रीच्या हवेत होता, आणि तो फळ्यावर उतरवता येत नाही.