मशीन किती हळू चालतं?

चि. श्रीरंगास,


ताईच्या विळीचा फोटो पोचला. खाली तू लिहिलं आहेस, ‘मामा, कशी चकाकतेय बघा.’ चकाकतेय खरी. पण टोकाकडच्या चार बोटांत धारेलगत निळी झाक आहे, ती दिसली का तुला? फोटो मोठा करून बघ. मी दोनदा चष्मा पुसून पाहिला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

पोलाद तापत जातं तसं रंग धरतं. 225 अंशांच्या आसपास गव्हाळ, 300 च्या जवळ निळं. निळं झालं की पाणी उतरलं म्हणून समज. आता ही विळी चार दिवस कापेल, मग भोपळ्यावर धार वळेल, आणि ताई म्हणेल भोपळाच निबर निघाला. निळं झालेलं तेवढं साध्या दगडावर पाणी घालत घालत, हातानं झिजवून काढ. खाली पोलाद चांगलं आहे, माझ्या वडिलांनी पारखून आणलेलं. बेंच ग्राइंडरवर मात्र ती परत नेऊ नकोस. सहा इंची दगड मिनिटाला 2850 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 22 मीटर दगड पात्यावरून पळतो. धार ही पात्याची सगळ्यात पातळ जागा, तिथली उष्णता ओढून घ्यायला मागं लोखंडच नसतं. तू पाण्यात बुडवेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता तुझा प्रश्न. 1 बाय 30 इंची पट्ट्याचा ग्राइंडर घेऊ की 2 बाय 72 चा, आणि हॉर्सपॉवर किती? हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी विचार. आधी विचार, मशीन किती हळू चालतं. हसू नकोस, हे माझं जुनं वेड तुला पाठ आहे, तरी पुन्हा ऐक. आपल्याकडे जोर म्हणजे वेग. चक्कीतून पीठ हाताला चटका देत आलं की गिऱ्हाईक खूश, चक्की जोरात आहे म्हणून. ड्रिल घेताना फेरे विचारायचे, मिक्सर घेताना फेरे विचारायचे, आणि किती कमी फेऱ्यांवर तो दमदार चालतो हे एकानंही विचारायचं नाही. उद्यमनगरात माझा जन्म गेला. तिथं आलेली बिघडलेली हत्यारं बहुतेक तापून बिघडलेली असत, बोथट होऊन नव्हे.

नुसती धार लावायची असेल तर 1 बाय 30 पुरतो. जागा कमी, पैसे कमी. पण तो बहुधा एकाच वेगानं पळतो, आणि आखूड पट्ट्यावरचा प्रत्येक कण लगेच फिरून पुन्हा पोलादावर येतो, निवायला उसंत नाही. तुला पाती घडवायची आहेत, तर 2 बाय 72 घे आणि वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी त्यासोबतच घे. ‘पुढच्या वर्षी बसवू’ हे चालणार नाही. चार इंची चाकावर पूर्ण वेगात पट्टा मिनिटाला 900 मीटर जातो. आकार काढताना तो हवाच. पाणी दिल्यानंतर मात्र पाचव्या हिश्श्यावर आण. प्रत्येक घाशीनंतर पातं पाण्यात, आणि बोटं उघडी, म्हणजे चटका आधी तुला कळेल. धार लावताना पट्टा धारेकडून दूर पळाला पाहिजे. धारेवर चालून आला तर पातं पट्ट्यात रुतेल आणि हातातून उडेल. गुळगुळीत झालेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो, तो टाकून दे. तिथली काटकसर तुझ्या बाबांवर गेली आहे.

आणि तू करायचा म्हणतोस तो बारा इंची सुरा कशासाठी? 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं घरकामाचं, शेतीचं नसेल तर शस्त्रांच्या नियमांत येतं. भाजीचा सुरा कर, कोयती कर, लोक दुवा देतील.

लिहिता लिहिता फोटो परत पाहिला. मागच्या टेबलावर अँगल ग्राइंडर पडलाय आणि त्याचं गार्ड काढलेलं आहे. श्रीरंग, ती चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते. फुटली तर तुकडा कुणाला विचारून येत नाही. आजच्या आज गार्ड बसव. आणि हे सगळं त्या बंद गॅलरीत चाललंय? छोट्या रेवाचा दमा, तिचा तो पंप, आणि तिच्याच खोलीच्या खिडकीखाली पोलादाची धूळ? धुळीचा चांगला मुखवटा तुला लागेल, पण तिला तो कोण घालणार? मुठींसाठी शिसम घासतोस, त्याचा भुसा ठिणग्यांच्या जागेपासून लांब ठेव. तो आतल्या आत धुमसतो आणि रात्री पेटतो. हातमोजे, मफलर, लांब बाह्या, बोटातली ती लग्नाची अंगठी, काही म्हणजे काही पट्ट्याजवळ नको. गावाकडच्या घराची पडवी रिकामी आहे. मशीन तिथंच बसव, रविवारी ये. मीही येऊन बसेन, हात लावणार नाही.

एक राहिलं. घरात सिंगल फेज आहे. त्यावर चालणारा व्हीएफडी मोटरला 230 व्होल्टच देतो, आणि आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी बहुधा 415 व्होल्टला, स्टारमध्ये बांधलेल्या येतात. तशीच जोडलीस तर ती पट्ट्यावर जरा दाब पडताच दबेल. डेल्टामध्ये 230 ला बदलता येते का, सहाही वायरी बाहेर काढल्या आहेत का, हे दुकानदाराला विचार. आगाऊ रक्कम देण्याआधी मोटरवरच्या पाटीचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा