अनोळखी विमानातली शेजारीण

लेकीच्या बाळंतपणासाठी वसईहून टोरांटोला एकटीच निघाले. तिकीट स्वस्त म्हणून इथिओपियन एअरलाइन्सचं. कंपनी १९४५ सालची, पण आमच्या आळीत कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. छातीत धडधड!

अदिस अबाबाला विमान बदललं. पुढे रात्रभर मधल्या अरुंद खुर्चीत बसून पाय सुजले. शेजारच्या इथिओपियन बाईनं खुणेनं उठवलं, चालवलं, पाणी प्यायला लावलं. मग डब्यातली इंजेरा नावाची धिरड्यासारखी पोळी दिली. टेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली. चव आपल्या आंबोळीसारखी आंबूस. मी तिला आगाशीची सुकेळी दिली.

भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. तरी उतरेपर्यंत भीती कुठल्या कुठे पळाली. बायांनो, शेजार विमानातही मिळतो. आपला डबा तेवढा उघडावा.