विंचवाचा नकाशा

मुलांकडून महाराष्ट्राचा नकाशा काढून घेण्यात माझी अर्धी हयात गेली. पण गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःसाठी एक निराळाच नकाशा काढला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नाद कादंबऱ्यांचा. मी वैद्यकशास्त्राच्या वाटेला का जावे, असे कुणीही विचारील.

कारण साधे आहे. 1991 साली तलवाड्याच्या शिवारात बांधाचे दगड हलवताना माझ्या थोरल्या भावाला लाल विंचू चावला. "विंचवाने कुठे माणूस मरतो?" असे सारेच म्हणत होते. दरदरून घाम, वांत्या, गार पडलेले हातपाय. पहाटे तोंडाला फेस आला आणि दादा गेला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या निबंधांची यादी छापून दिली. हे डॉक्टर आपल्या जालन्याकडचे, देहेडचे. हयात गेली महाडला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. यादीत प्रत्येक निबंधापुढे आकडा होता : पुढे किती जणांनी त्याचा आधार घेतला त्याचा. असल्या उल्लेखांची मोठी सूची यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत 1964 साली काढली, तेव्हापासून ही मोजदाद रूढ झाली.

मी पुठ्ठा घेतला, मधोमध महाड मांडले. मागे जाणारी एक रेघ 1961 च्या मुंडल्यांच्या निबंधाकडे गेली, दुसरी इस्रायलच्या गेरॉन यांच्याकडे. पुढे 1982 चा 'लॅन्सेट'मधला लक्षणांचा निबंध. मग 1986 : विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमते, फुप्फुसांत पाणी भरते, प्राझोसीनची गोळी त्या वाहिन्या सैल करते. पूर्वी अशा गंभीर रुग्णांत शंभरातले तीसच्या आसपास दगावत. पुढे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. या निबंधाच्या सहलेखिका डॉ. प्रमोदिनी बावस्कर, म्हणजे त्यांच्या पत्नी. ती रेघ घरातल्या घरात; काढायला जागाच उरली नाही.

पुठ्ठा पाहून आई म्हणाली, "यात आपला दादा कुठं हाय रं?"

मी गप्प झालो. 1986 आणि 1991. लंडनला छापलेला निबंध समुद्रापार पोचला होता. महाडहून तलवाडा एसटीने एका दिवसाची वाट, ती पाच वर्षांत सरली नव्हती. दोष कुणाला द्यावा?

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाला विंचू चावला. डॉक्टरांनी लगेच तीच गोळी दिली. चौथ्या दिवशी पोरगा वर्गात हजर! पाढे मात्र त्याला तेव्हाही येत नव्हते.

त्या रात्री आईच्या देखत मी महाडहून तलवाड्यापर्यंत एक रेघ ओढली. पेन्सिलीने ओढली, कारण कुठल्याही सूचीत ती धरली जाणार नाही. आईने चष्मा लावून ती पाहिली, तिच्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "जरा ठळक काढ."